टोलेडो ट्रूपर्सच्या शोधात : जुन्या वृत्तपत्रांच्या एका सशुल्क संग्रहसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील जुन्या वृत्तपत्रांची पाने घरबसल्या वाचू देणाऱ्या एका सशुल्क संग्रहसेवेचे सभासदत्व मी गेले सहा महिने वापरते आहे. ते घेतले होते एकाच कामासाठी. ओहायो राज्यातील टोलेडो शहरात १९७१ साली उभ्या राहिलेल्या ‘टोलेडो ट्रूपर्स’ या महिलांच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पहिली पाच-सहा वर्षे मला त्या काळच्या बातम्यांतून, एकेका सामन्यानिशी वाचायची होती. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांपैकी बऱ्याचशा अशा कोणत्याही संग्रहात कमीअधिक प्रमाणात आढळतील, आणि त्यांचे खापर एकट्या एका कंपनीवर फोडणे मला योग्य वाटत नाही. खेळाचा आणि त्यातही स्त्रियांच्या खेळाचा इतिहास धुंडाळणाऱ्यांना अशा सेवेचा कितपत उपयोग होतो, हे मात्र एका खऱ्या शोधाच्या आधारेच नीट सांगता येईल.

आधी संघाविषयी. येथे ज्या खेळाविषयी लिहिते आहे तो पूर्ण धडकेचा अमेरिकन फुटबॉल आहे. कमरेची पट्टी ओढून खेळाडू बाद ठरवण्याचा सौम्य प्रकार नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड संरक्षक पॅड, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडण्याची मुभा. कबड्डीतील पकड ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना त्या क्षणाचा जोर समजेल. फरक इतकाच की येथे पकडणारी खेळाडू वीस पावलांवरून धावत आलेली असते.

स्त्रियांनी हा खेळ पैसे घेऊन खेळावा ही कल्पना १९६०च्या दशकात क्लीव्हलंड येथील सिड फ्रीडमन या मनोरंजन क्षेत्रातील एजंटाने पुढे आणली. त्यांच्या दृष्टीने तो मुख्यतः गर्दी खेचणारा प्रयोग होता. गावोगाव फिरून प्रदर्शनीय सामने करायचे आणि ‘बायका फुटबॉल खेळतात’ या नवलाईवर तिकिटे विकायची, असा त्यांचा हिशेब होता. टोलेडोचा संघ याच हालचालींतून १९७१ मध्ये जन्माला आला, पण प्रशिक्षक बिल स्टाउट यांनी आणि मैदानात उतरलेल्या स्त्रियांनी तो नवलाईचा प्रयोग राहू दिला नाही. १९७१ ते १९७९ या नऊ हंगामांत या संघाने ६१ सामने जिंकले आणि केवळ ४ गमावले. ओहायोतच कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलचे जे मानाचे संग्रहालय आहे, त्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमनेही व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वाधिक यशस्वी संघ म्हणून या कामगिरीची दखल घेतली आहे.

हे ६१ आणि ४ असे आकडे कुठेही वाचायला मिळतात. मला हवे होते ते त्यांच्या आतले: पहिला सामना कोणाशी, प्रेक्षक किती, पान कोणते, बातमी किती ओळींची, आणि बातमी लिहिणाऱ्याचा सूर हंगामागणिक कसा बदलला. पुरुषांच्या कोणत्याही मोठ्या संघाबाबत हे सगळे तयार तक्त्यांत मिळते. येथे ते पानापानांतून गोळा करावे लागते, आणि म्हणून अशा संग्रहसेवेची गरज पडते.

पहिल्या संध्याकाळी मी शोधाच्या चौकटीत राज्य ओहायो, कालखंड १९७१ ते १९७६ आणि शब्द ‘ट्रूपर्स’ असे भरले. हजारो पाने समोर आली, आणि त्यांतील बहुतेक महामार्गांवरील अपघातांची होती. ओहायोच्या महामार्ग पोलिसांना तेथे ट्रूपर म्हणतात. त्यामुळे राज्यात कुठे गाडी उलटली, कुठे चोर पकडला, कुठे बर्फात वाहने अडकली, या प्रत्येक बातमीत हा शब्द आहे. मग मी ‘टोलेडो’, ‘फुटबॉल’ आणि ‘अपराजित’ हे तीन शब्द एकत्र दिले. या वेळी दुसराच संघ पुढे आला. टोलेडो विद्यापीठाच्या पुरुष संघाने, म्हणजे रॉकेट्सने, १९६९ ते १९७१ या तीन हंगामांत सलग ३५ सामने जिंकले होते, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारे खेळाडू, चक ईली यांचे नाव त्या काळी ओहायोच्या प्रत्येक क्रीडापानावर होते. ज्या वर्षी ट्रूपर्सनी पहिले पाऊल टाकले, त्याच वर्षी त्याच शहरात विद्यापीठाचा संघ आपली अजिंक्य मालिका पूर्ण करत होता. शोधयंत्राला हा योगायोग कळत नाही, पण मला त्यातून एक गोष्ट फार लवकर समजली. ट्रूपर्सच्या वाट्याला क्रीडापानाचा जो तुकडा आला तो मुळातच भरलेल्या पानावरचा होता. ओहायोत शुक्रवारी रात्री शाळांचे सामने, शनिवारी विद्यापीठांचे, रविवारी व्यावसायिक पुरुष संघांचे. या तीन दिवसांच्या बातम्यांनी पाने ओसंडून वाहत असत.

इतर संघांची नावे शोधताना तर याहून विचित्र अनुभव आला. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल विमेन्स फुटबॉल लीगमध्ये सुरुवातीला सात संघ होते: टोलेडो ट्रूपर्स, कोलंबस पेससेटर्स, डेट्रॉइट डीमन्स, डॅलस ब्लूबॉनेट्स, फोर्ट वर्थ शॅमरॉक्स, लॉस एंजेलिस डँडेलियन्स आणि कॅलिफोर्निया मस्टँग्स. ब्लूबॉनेट हे टेक्सासचे राज्यफूल आहे, डँडेलियन हे हिरवळीत उगवणारे पिवळे फूल, आणि शॅमरॉक ही तीन पानांची आयरिश वनस्पती. डॅलसचा संघ शोधायला गेले की रानफुलांच्या सहलींची वर्णने येतात, शिवाय त्याच नावाच्या मार्गरीनच्या जाहिराती. लॉस एंजेलिसचा शोधला की तण मारण्याची औषधे. फोर्ट वर्थचा शोधला की सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणाची सजावट. मस्टँग्सचा शोध घेतला तर फोर्ड कंपनीच्या मोटारी रांगेने उभ्या राहतात. पुढे आलेल्या ओक्लाहोमा सिटीच्या संघाचे नाव डॉल्स, म्हणजे बाहुल्या, असल्यामुळे नाताळचा डिसेंबर महिना तर वगळावाच लागतो. संघांना नावे देणाऱ्यांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही, पण एकमेकींना जमिनीवर आडवे पाडणाऱ्या खेळाडूंच्या इतक्या संघांना फुलापानांची आणि बाहुल्यांची नावे मिळावीत, याचा विचार त्या निकालांच्या याद्या चाळताना मी पुष्कळ वेळ करत राहिले. या घोळक्यात टोलेडोचे नाव वेगळे उठून दिसते. शिपायाचे नाव मिळालेला हा संघ.

यावर मला सापडलेला उपाय सांगते, कारण ही सेवा घेणाऱ्याला त्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल. संघाच्या नावाने शोधूच नये. दोन शहरांची नावे आणि ‘विमेन’ हा शब्द एकत्र द्यावा, शोध ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांपुरता मर्यादित ठेवावा म्हणजे वसंतातली फुले आपोआप गळतात, आणि दिनांकांची चौकट शनिवारनंतरच्या दोन दिवसांवर आणावी. ट्रूपर्सची खेळाडू लिंडा जेफरसन हिचे नाव अवतरणचिन्हांत दिल्याशिवाय उपयोग नाही, कारण जेफरसन नावाच्या शाळा आणि रस्ते ओहायोत भरपूर आहेत. स्टाउट या आडनावाचेही तेच. त्या शब्दाला इंग्रजीत अंगाने भरलेला असाही अर्थ आहे आणि एका प्रकारच्या बिअरचेही ते नाव आहे. या सेवेतील दिनांकनिहाय गाळणी उत्तम आहे, हे तिच्या बाजूने नमूद करायलाच हवे. वर्ष, महिना, दिवस असे बारीक करत नेले की निकाल वीस-पंचवीस पानांवर येतात, आणि मग ती पाने डोळ्यांनी वाचणे शक्य होते.

आता मुख्य उणीव. या सेवेत ओहायोची पुष्कळ दैनिके आहेत, मिशिगनची आहेत, टेक्सास आणि ओक्लाहोमाचीही आहेत, पण ज्या शहराचा हा संघ त्या टोलेडोचे दैनिकच नाही. सभासद होण्यापूर्वी वृत्तपत्रांची यादी पाहता येते, पण ती राज्यवार असते आणि ‘ओहायो’ पुढील मोठा आकडा पाहून मी गृहीत धरले की टोलेडो त्यात असणारच. ‘द ब्लेड’ हे टोलेडोचे मुख्य दैनिक १८३५ पासून निघते. त्याच मालकीचे ‘टोलेडो टाइम्स’ हे सकाळचे दैनिक १९७५ मध्ये बंद पडले. म्हणजे संघाच्या पहिल्या पाच वर्षांत शहरात दोन दैनिके होती आणि नंतर एकच उरले. यांपैकी एकही माझ्या सभासदत्वात वाचता आले नाही. शहराचे नाव टाकून त्या शहराची वृत्तपत्रे आहेत की नाहीत हे पैसे भरण्याआधी स्पष्ट कळेल, अशी सोय सेवेने पहिल्याच पानावर द्यायला हवी. मी हे ग्राहक सेवेला लिहून कळवले. दोन दिवसांनी सभ्य, पण छापील स्वरूपाचे उत्तर आले.

मात्र या उणिवेमुळेच मला ट्रूपर्सचा इतिहास अशा बाजूने वाचायला मिळाला, जी बाजू मी स्वतःहून निवडली नसती. टोलेडोची पाने हाती नसल्यामुळे मी ट्रूपर्सना पाहिले ते त्यांच्याकडून हरलेल्या शहरांच्या पानांवर. आपला संघ हरल्यावर गावचे दैनिक काय लिहिते, किती लिहिते, आणि लिहिते तरी का, हे वाचणे फार बोलके असते. जिंकल्याची बातमी स्थानिक वृत्तपत्र अभिमानाने देते. हरल्याची बातमी, तीही एका नव्या, कोणाला फारसे ठाऊक नसलेल्या महिला संघाची, पुष्कळदा निकालांच्या रकान्यात एका ओळीने उरकलेली असते: दोन शहरांची नावे, दोन आकडे, बस. पुरुषांच्या शालेय सामन्याला त्याच पानावर छायाचित्रासह अर्धा रकाना असतो. आणि तरीही ती एक ओळ महत्त्वाची आहे. ट्रूपर्सच्या नावापुढील आकडा मोठा आणि समोरच्याच्या नावापुढे शून्य, असे सलग दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या शहरांच्या पानांवर पाहिले की संघ काय करत होता याचे चित्र कोणत्याही गौरवलेखापेक्षा स्वच्छ उमटते.

बातमी जेथे एका ओळीपेक्षा मोठी आहे तेथे तिचा विषय बहुधा सामना नसतोच. मी चाळलेल्या पानांत मोठ्या मजकुराचा रोख पुन्हा पुन्हा त्याच त्या प्रश्नांकडे वळताना दिसला: या बायका हे का करतात, नवऱ्यांना चालते का, दुखापतीची भीती वाटत नाही का, दिवसा नोकरी कोणती. पुष्कळदा हा मजकूर क्रीडापानावर नसून घरगुती विषयांच्या पुरवणीत असतो, पाककृती आणि विवाहाच्या सूचनांच्या शेजारी. म्हणून शोध घेणाऱ्याने ‘फक्त क्रीडापाने’ ही गाळणी लावू नये. मी पहिले दोन आठवडे ती लावून बसले आणि उपयुक्त मजकुराचा मोठा भाग माझ्या नजरेआड राहिला. त्या पुरवण्यांमुळे निदान इतके कळते की सराव संध्याकाळी, कामावरून सुटल्यानंतर होत असे. लीग सुरू झाल्यावर एका सामन्याचे मानधन २५ डॉलर होते, तेव्हा खेळावर पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना खेळाची दारे उघडली, पण शाळा-कॉलेजांबाहेरच्या या संघाला त्यातून एक डॉलरही मिळणार नव्हता.

लिंडा जेफरसन यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या सेवेची ताकद आणि दुबळेपणा, दोन्ही मला त्यांच्याच शोधात दिसले. १९७२ मध्ये त्या ट्रूपर्समध्ये आल्या. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन फळी फोडत धावणारी खेळाडू, ही त्यांची जागा. सलग पाच हंगामांत त्यांनी प्रत्येकी हजाराहून अधिक यार्ड धावून काढले. या आकड्याचे वजन कळण्यासाठी मी एक साधा हिशेब केला. ट्रूपर्सचे नऊ हंगामांत ६५ सामने झाले, म्हणजे हंगामाला सरासरी सात. सात सामन्यांत हजार यार्ड म्हणजे सामन्यामागे एकशे चाळीसहून जास्त. पुरुषांच्या सर्वोच्च लीगमध्ये १९७३ साली प्रथमच कोणी एका हंगामात २००० यार्डांचा टप्पा ओलांडला, तो १४ सामन्यांत. त्याची सरासरीही साधारण तेवढीच येते. दोन्ही लीगची पातळी वेगळी होती हे मान्य करूनसुद्धा, एका खेळाडूने ही गती पाच वर्षे टिकवावी, हे लहान काम नव्हे. टेनिसपटू बिली जीन किंग यांनी सुरू केलेल्या ‘विमेनस्पोर्ट्स’ या मासिकाने १९७५ मध्ये जेफरसन यांना वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवले. टेनिस, पोहणे, गोल्फ यांसारख्या नावाजलेल्या खेळांतील स्त्रिया समोर असताना हा मान २५ डॉलरसाठी खेळणाऱ्या एका फुटबॉलपटूला मिळाला.

त्यांचे एक छायाचित्र मी या संग्रहात शोधून काढले, आणि ते उघडल्यावर बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. ही सगळी पाने मूळ कागदावरून नव्हे, तर मायक्रोफिल्मवरून, म्हणजे पाने अगदी लहान करून उतरवलेल्या फिल्मवरून, घेतलेली आहेत. मायक्रोफिल्म तयार करताना अक्षरे ठळक यावीत म्हणून काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे केले जाते. मधल्या करड्या छटा नाहीशा होतात. मजकुरासाठी हे उत्तम, छायाचित्रांसाठी घातक, आणि कृष्णवर्णीय माणसाच्या छायाचित्रासाठी तर सर्वांत घातक. जेफरसन कृष्णवर्णीय आहेत. त्या चित्रात हेल्मेटची कड दिसते, जर्सीवरचा आकडा पांढरा उमटतो, पुढे टाकलेल्या गुडघ्याचा कोन कळतो, चेंडू पोटाशी घट्ट धरलेला हात ओळखू येतो. चेहऱ्याच्या जागी मात्र सपाट काळा डाग आहे. डोळे नाहीत, ओठ नाहीत. सेवेने चित्राचा उजेड कमीजास्त करण्याचे बटण दिले आहे, ते शेवटपर्यंत सरकवून पाहिले. डाग काळ्याचा राखाडी झाला, चेहरा आला नाही. दोष फिल्म बनवणाऱ्यांच्या पद्धतीचा आहे, सेवेचा नाही, हे मला कळते. पण वाचकांकडून पैसे घेताना ‘छायाचित्रांसह संपूर्ण पाने’ अशी जाहिरात केली जाते, आणि ती वाचून माझी जी अपेक्षा झाली होती ती या एका चित्रापाशी मोडली.

दुसरा दोष यंत्राच्या वाचनाचा आहे. पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून शोधासाठी मजकूर तयार करण्याचे काम यंत्र करते, आणि क्रीडापानावर ते सर्वांत जास्त चुकते. अगदी बारीक टाइपात छापलेले निकाल, एकमेकांना खेटलेले रकाने, ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द. यंत्र एका रकान्याची ओळ शेजारच्या रकान्याला जोडते आणि टोलेडोच्या पुढे कुठल्याशा शाळेचा आकडा लागतो. ‘ट्रूपर्स’ हा शब्द ओळीअखेर तुटला की तो शोधात सापडतच नाही. खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक अडचण, जिचा दोष यंत्राला देता येत नाही: लग्नानंतर आडनाव बदलले की एका हंगामातील खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्याच नावाने येते, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे पान सांगत नाही. चुकीचा मजकूर वाचकाने दुरुस्त करून पाठवण्याची सोय येथे आहे आणि ती मनापासून वाखाणण्याजोगी आहे. मी पाठवलेल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक आठवड्याच्या आत मजकुरात आल्या. आता त्या पानांवर संघाचे नाव शोधले तर ते सापडते.

१९७४ नंतरच्या काळासाठी ही सेवा पैसे वसूल करून देते. लीग सुरू झाल्यावर सामने आसपासच्या राज्यांपुरते राहिले नाहीत. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातील संघ आले, प्रवासाची अंतरे हजारो मैलांवर गेली, आणि त्याबरोबर बातम्याही अनेक राज्यांत विखुरल्या. एका शहराच्या ग्रंथालयात बसून त्या गोळा करणे अशक्यच. येथे नकाशावर राज्ये निवडून एकच शोध चार राज्यांत चालवता येतो, आणि एकाच सामन्याची दोन्ही शहरांतील बातमी शेजारी शेजारी उघडता येते. दोन बातम्यांतला सूर किती वेगळा असू शकतो हे पाहण्याचा आनंद मी पहिल्यांदा येथे घेतला.

त्यातही ओक्लाहोमाची पाने सर्वांत समृद्ध निघाली. ओक्लाहोमा सिटी डॉल्स हा संघ १९७६ मध्ये उतरला आणि त्याच वर्षी त्याने ट्रूपर्सना हरवून त्यांची अपराजित घोडदौड थांबवली. टोलेडोच्या दृष्टीने तो धक्का असेल. संशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने ते वरदान आहे, कारण जिंकणाऱ्या शहराचे वृत्तपत्र विस्तृत लिहिते. एवढी वर्षे ज्या संघाबद्दल दुसऱ्यांच्या पानांवर जेमतेम एक ओळ येत होती, त्याच्याबद्दल तो हरला तेव्हा मजकूर आला. ट्रूपर्स किती मोठा संघ होता हे मला सर्वांत सविस्तर सांगितले ते त्यांना हरवणाऱ्यांच्या गावाने. मी ही पाने तीनदा वाचली. दर वाचनात बचावाच्या रचनेबद्दल, मैदानाच्या स्थितीबद्दल, प्रेक्षकांच्या प्रतिसादाबद्दल काही ना काही नवे हाती लागले, आणि टोलेडोच्या दैनिकाची गैरहजेरी त्या दिवसापुरती तरी मला जाणवली नाही.

पैशांबाबत थोडक्यात. महिन्याचे शुल्क वीस-पंचवीस डॉलरच्या घरात आहे. सहा महिन्यांचे एकदम भरले तर दर बराच उतरतो. सात दिवसांची मोफत चाचणी मिळते, पण त्यासाठी क्रेडिट कार्ड द्यावे लागते आणि आठव्या दिवशी विचारल्याशिवाय शुल्क कापले जाते. सूचनेचा ईमेल मला आला नाही. सभासदत्व रद्द करण्याचे बटण खात्याच्या चौथ्या पानावर, मदतीच्या मजकुराखाली दडवलेले आहे. ते इतके खोल ठेवण्यामागचा हेतू चांगला असेल असे मला वाटत नाही. शिवाय स्वस्त सभासदत्वात जुनी पाने मिळतात, पण १९६०नंतरची अनेक दैनिके ‘विशेष’ वर्गात टाकलेली असल्याने वरचा दर भरावाच लागतो. ट्रूपर्ससारखा विषय असेल तर स्वस्त सभासदत्व घेऊच नये. कात्रण काढून जपण्याची सोय मात्र सुबक आहे: पानाचा भाग चौकटीने निवडला की वृत्तपत्राचे नाव, दिनांक आणि पानाचा क्रमांक आपोआप सोबत नोंदला जातो, आणि सभासदत्व संपल्यावरही आपण काढलेली कात्रणे पाहता येतात. माझ्याकडे आता अशी दोनशेहून जास्त कात्रणे आहेत, दिनांकवार लावलेली.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी दोन मार्ग सांगते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा मोफत संग्रह उत्कृष्ट आहे, पण तो १९६३ पर्यंतच येतो, त्यामुळे ट्रूपर्ससाठी त्याचा उपयोग नाही. गूगलने २०११ पर्यंत जुनी वृत्तपत्रे स्कॅन केली होती, त्यांत टोलेडोचे ‘द ब्लेड’ आहे आणि ते आजही विनामूल्य उघडते. मला हे कळले तेव्हा सभासदत्वाला चार महिने झाले होते. तेथे शब्द टाकून शोधण्यापेक्षा तारीख धरून अंक उघडावा आणि पाने उलटत जावी. येथेच सशुल्क सेवेचा खरा उपयोग होतो. दुसऱ्या शहरांच्या पानांवरून सामन्याची तारीख आधी काढायची, आणि मग ती तारीख घेऊन टोलेडोचा अंक उघडायचा. केवळ ‘द ब्लेड’ पहिल्यापासून उलटत बसले असते तर नऊ वर्षांचे रोजचे अंक माझ्याने संपले नसते. केवळ सशुल्क सेवेवर राहिले असते तर टोलेडोचे स्वतःचे म्हणणे कधीच कळले नसते.

ही सेवा कोणी घ्यावी? एखाद्या संघाचा, खेळाडूचा किंवा लीगचा नेमका काळ ज्याला ठाऊक आहे, पाने वाचण्याचा संयम आहे आणि इंग्रजी वृत्तपत्री भाषा सवयीची आहे, त्याने सहा महिन्यांचे सभासदत्व जरूर घ्यावे. ज्याला तयार इतिहास हवा आहे त्याने घेऊ नये. येथे पाने मिळतात, त्यांचा क्रम आपण लावायचा असतो. पाचांपैकी मी साडेतीन तारे देते. दीड तारा कापला तो लपवलेल्या रद्द-बटणासाठी आणि शहरवार यादी आधी न दाखवल्याबद्दल. चेहरा हरवलेल्या छायाचित्रासाठी नाही.

माझ्या सभासदत्वाचे तीन आठवडे उरले आहेत. १९७१ च्या पहिल्या हंगामातील ज्या सामन्यांच्या तारखा अजून हाती लागलेल्या नाहीत त्यांच्यासाठी मिशिगनची उरलेली दैनिके पाहायची आहेत, आणि प्रत्येक तारीख मिळाली की लगेच ‘द ब्लेड’चा दुसऱ्या दिवशीचा अंक. जेफरसन यांचे ते छायाचित्र मूळ कागदावर कसे छापले होते हे कळावे म्हणून टोलेडोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला मी कालच पत्र लिहिले आहे.